डोळे मिटून ऐकलेलं

डिसेंबर लागला की आमच्या दाराशी ठेवलेल्या बुटांच्या ट्रेमध्ये पाणी साचायला लागतं. रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांबरोबर घरात येतं, वितळलेल्या बर्फात विरघळतं, आणि पाणी सुकलं की ट्रेच्या तळाशी पांढऱ्या कडा उरतात, ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा. माझी बायको शीला दर शनिवारी ट्रे घासते. पुढच्या शनिवारपर्यंत कडा परत उमटलेल्या असतात. या मिठाला वास नसतो असं सगळे म्हणतात. मला तो येतो. तो आला की परीक्षा जवळ आल्या हे कॅलेंडर न बघता कळतं.

लहानपणी परीक्षेचा वास निराळा होता. नगरला परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर यायच्या. शाळेचे पत्रे तापलेले, हाताच्या घामाने उत्तरपत्रिकेचा कागद ओला, आणि खिडकीतून येणारा कडुनिंबाच्या मोहोराचा कडसर गोड वास. परीक्षा म्हणजे सुटीच्या आधीची शेवटची चढण. इथे ओंटारिओत परीक्षा अंधारात येते. साडेचारलाच दिवे लागतात. ग्वेल्फपासून तासाभरावरच्या आमच्या या लहानशा गावात तेव्हा दुकानं अजून उघडी असतात, पण रस्त्यावर कुणी नसतं, फक्त बर्फ काढणाऱ्या गाड्यांचे पिवळे दिवे फिरत असतात.

परीक्षा व्यायामशाळेत होते. बास्केटबॉलच्या जाळ्या वर ओढून बांधलेल्या, खाली टेबलांच्या रांगा, भिंतीशी कोटांचे ढीग. ओल्या लोकरीचा वास सगळीकडे. घंटा वाजते आणि सगळी मुलं एकदम पहिलं पान उलटतात. धान्य पाखडल्यासारखा आवाज होतो. मी रांगांमधून फिरतो. पूर्वी फिरताना प्रत्येक टेबलाजवळ मनात त्या मुलाचं नाव घेत असे. नाव आठवलं नाही तर नुसतं ‘हा, निळ्या स्वेटरवाला, याला आठव’ असं म्हणत असे. ओठसुद्धा हलत नसत. मुलांना वाटायचं, सर पहारा देताहेत. ती माझी उपासना होती, आणि रविवारच्या उपासनेपेक्षा मला तीच जास्त खरी वाटायची.

आता मी खरोखरच पहारा देतो. माझे डोळे हातांकडे जातात, मांडीवरच्या फोनकडे जातात, कोण washroom ला किती वेळ गेलंय तिकडे जातात. नावं आठवतात, पण नावापुढे काही येत नाही.

मी माती शिकवतो. मातीत पाणी किती टिकतं, कुठल्या थरात टिकतं, कसं निसटतं. या देशात मी मातीच्या मागे आलो आणि इथेच मुरलो. निघण्याच्या आदल्या दिवशी नगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, निरोपाची प्रार्थना झाली होती. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा हात जड होता, आणि खडूचा वास येत होता, कारण ते शाळेत गणितही शिकवायचे. त्यांनी मागितलं की त्या परक्या देशात हा तुझा साक्षीदार व्हावा. बायकांनी ‘आमेन’ म्हटलं. माझे वडील मागच्या बाकावर बसले होते, ते बोलले नाहीत. ते सभेत फारसं बोलत नसत.

साक्षीदार व्हायचं म्हणजे काय करायचं हे मला इथे आल्यावर कित्येक दिवस कळलं नाही. आमच्या विभागाची प्रमुख हेलन. सरळ, कामसू बाई, कुणाचं वाईट न चिंतणारी. पहिल्याच हिवाळ्यात एकदा कॉफी घेताना ती हसत म्हणाली होती, “इथे धर्म बुटांसारखा असतो. तुमचा कितीही चांगला असला तरी दाराशी काढून यायचं.” मला तेव्हा ती उपमा आवडलीसुद्धा. आपल्याकडेही आपण चपला बाहेरच काढतो. मी मान डोलावली आणि त्या दिवसापासून विभागात प्रभूचं नाव घेतलं नाही.

मग उरलं काय? उरला माझा काटेकोरपणा. मी ठरवलं की माझं वागणंच बोलेल. पेपर वेळेवर तपासायचे, कुणाचा अर्धा गुण वाढवायचा नाही, कमी करायचा नाही, ओळखीच्याला झुकतं माप नाही, अनोळख्याला रागाचं माप नाही. माझ्याकडे बघून कधीतरी कुणी विचारेल, हा माणूस असा का आहे? आणि तेव्हा मी सांगेन. वर्षं गेली. कुणी विचारलं नाही. मुलांच्या वार्षिक अभिप्रायांत ‘फेअर’ हा शब्द पुन्हा पुन्हा यायचा, आणि मी तो शब्द घरी आणून शीलाला दाखवायचो, मुलाने प्रगतीपुस्तक दाखवावं तसा.

घरात मात्र बूट काढायची गरज नव्हती, म्हणजे तसे बूट. परीक्षा सुरू होण्याआधीच्या शनिवारी आमच्या basement मध्ये मराठी मुलांची प्रार्थना असायची. नगर, जालना, सोलापूर इकडची दोन-चार ख्रिस्ती मुलं, आणि बाकीची जेवायला येणारी. जेवायला येणाऱ्यांबद्दल आमची काही तक्रार नव्हती. शीला ग्वेल्फहून मटण आणायची आणि सकाळपासून वाटण घाटत असायची. नागपूरचा रोहित पहिल्यांदा आला तेव्हा दारातच म्हणाला, “काकू, आधीच सांगून टाकतो. मी बुद्धिस्ट आहे. आमच्याकडे देवाचं खातंच बंद. मी फक्त रश्शासाठी डोळे मिटणार.”

“मिट की,” शीला म्हणाली. “पण मध्येच उघडून पातेल्यात बघायचं नाही.”

प्रार्थनेची आमची पद्धत साधी, गावाकडचीच. गोल करून बसायचं, डोळे मिटायचे, आणि डावीकडून उजवीकडे एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. ज्याला बोलायचं नसेल त्याने नुसतं ‘आमेन’ म्हणायचं, की शेजारच्याची पाळी. डोळे मिटलेले असल्यामुळे कोण रडतंय, कोण अडखळतंय हे दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून माणूस बोलतो. मी लहानपणापासून या गोलात बसत आलोय. नवरा-बायकोची भांडणं, दारू, चोरी, शेजारणीचा मत्सर, सगळं त्या गोलात परमेश्वराला सांगितलेलं मी ऐकलंय. डोळे उघडले की लोक घोंगड्या झटकायचे आणि पावसापाण्याचं बोलायला लागायचे. ऐकलेलं कुणी परत बोलून दाखवत नसे. असा नियम कुणी सांगितला नव्हता. तो होता.

काही वर्षांपूर्वीच्या एका डिसेंबरात गोलात आशिष होता.

आशिष जालन्याचा. वडील तिथल्या मंडळीत पेटी वाजवायचे, आणि त्याचा आवाज त्यांच्याकडून आलेला. तो गायला लागला की आमच्या basement मधली घर तापवणारी भट्टीसुद्धा हळू चालल्यासारखी वाटायची. रात्री एका वेअरहाऊसमध्ये शिफ्ट, दिवसा वर्ग. आमच्याकडे आला की न सांगता आधी driveway वरचा बर्फ शोव्हलने काढायचा आणि मग बेल वाजवायचा. शीला ओरडायची, “अरे, पाहुणा ना तू?” तो बूट आपटत, आमच्या ख्रिस्ती घरांतल्या रीतीने म्हणायचा, “सलाम काकू. पाहुण्याला रस्ता नको का?”

माझ्या वर्गात त्याचा प्रकल्प मातीच्या ओलाव्यावर होता. काम कंटाळवाणं. शेतातून आणलेली माती पिशव्यांत भरून शीतखोलीत ठेवायची, ठरल्या दिवशी थोडी काढून वजन करायची, भट्टीत वाळवायची, परत वजन करायचं. असं कितीतरी आठवडे. भट्टीतून काढलेल्या मातीला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येत नाही. तिला भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा कोरडा वास येतो. पुष्कळ मुलं कंटाळतात. आशिषचा अहवाल मात्र देखणा होता. आकडे हळूहळू उतरत गेलेले, मध्ये एखादा किंचित वाकडा, जिवंत मातीचे येतात तसे. मी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. म्हणालो, याला म्हणतात मातीकडे लक्ष देणं. तो खाली बघत होता. मला वाटलं, लाजला.

त्या शनिवारी दुपारपासून बर्फाळ पाऊस पडत होता. झाडांच्या फांद्या काचेच्या झाल्या होत्या आणि वारा आला की खुळखुळत होत्या. मुलं जपून पावलं टाकत, एकमेकांना धरून आली. आम्ही गोल करून बसलो. रोहितने ‘आमेन’ म्हटलं, मनापासून, पातेल्याच्या दिशेने. एका मुलीने आईच्या गुडघ्यांसाठी मागितलं. मग आशिषची पाळी आली.

त्याने सुरुवात नेहमीसारखी केली, दयाळू पित्या वगैरे. मग थांबला. भट्टी घुरघुरत होती. मग वेगळ्याच आवाजात, गाण्याचा नव्हे, बोलण्याच्या आवाजात म्हणाला, “प्रभू, मी खोटे आकडे लिहिले. शिफ्ट संपल्यावर लॅबला जायचो नाही, झोपायचो. त्या पिशव्या मी उघडल्यासुद्धा नाहीत. सरांनी वर्गात वाचलं तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं. मला क्षमा कर. धीर दे, म्हणजे मी स्वतः जाऊन सांगेन.”

आणि ‘आमेन’ म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं. मग शेजारच्या मुलीने तिच्या व्हिसासाठी मागितलं.

मी तेव्हा काय करत होतो ते मला स्पष्ट आठवतं. मी डोळे मिटून बसलो होतो आणि तो अहवाल आठवत होतो. तो किंचित वाकडा आकडा. तो त्याने मुद्दाम घातला होता. किती हुशारीने घातला होता, आणि मी वर्गासमोर त्याच आकड्यावर बोट ठेवून बोललो होतो. माझ्या कानांत शरम गरम होत गेली. आधी शरम, मग राग. दया नंतर आली असेल. आली असली तरी तिला बसायला जागा नव्हती.

जेवायला बसलो तेव्हा आशिषचा चेहरा हलका झाला होता. पोट साफ झालेल्या लेकरासारखा जेवत होता. रोहितशी नळीवरून भांडत होता, “तू डोळे मिटून जास्त पुण्य कमावलंस, नळी मला दे.” मी वाढायला उठलो. त्याच्या ताटात भात वाढला. म्हणालो, “घे अजून.” त्याने ताट पुढे केलं. तोपर्यंत माझ्या मनात ठरलं होतं. प्रभूबरोबर एकाच ताटात हात घालून त्यालाच धरून देणाऱ्या शिष्याची गोष्ट आम्हा ख्रिस्ती माणसांना लहानपणापासून पाठ असते. ती ऐकताना मी नेहमी स्वतःला पंगतीच्या दुसऱ्या बाजूला बसवत आलो होतो.

रविवारी उपासनेनंतर मी विद्यापीठात गेलो. शीतखोलीत त्याच्या पिशव्या होत्या. त्याच्या अक्षरातली लेबलं, आणि गाठी शेतात मारलेल्या तशाच. एकही सुटलेली नव्हती. मी त्या हातात घेऊन पाहिल्या. माती थंड, ओली, काही न झाल्यासारखी. कुणीही तिला काही विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी हेलन आली तेव्हा मी तिच्या दाराशी उभा होतो. सांगितलं. नियम आहे, आणि नियम चांगला आहे. खोट्या आकड्यांवर उद्या कुणी शेतं पेरेल. मी हे आजही मानतो. दुपारी माझ्या खोलीच्या दारावर टकटक झाली. आशिष होता. अंगात कोट तसाच, केसांवर बर्फ, आणि दोन्ही हातांत त्या पिशव्या, छातीशी धरलेल्या.

“सलाम सर. मला तुमच्याशी बोलायचंय.”

मी म्हणालो, “आशिष, मी सकाळीच हेलनला सांगितलंय.”

तो उभाच राहिला. पिशव्यांवरचं दव त्याच्या कोटाला लागत होतं. मग म्हणाला, “काय सांगितलंय?”

“तू जे बोललास ते.”

“मी कुठे तुमच्याशी बोललो, सर?”

“मी तिथेच होतो ना.”

“तुम्ही घरी होता, सर. ऑफिसात नव्हता.” मग जरा हसला, माझीच समजूत काढावी तसा. “मी त्याच्याशी बोलत होतो. तुमच्याकडे आज येणार होतो. आलोच ना.”

मी म्हणालो, बस. तो बसला नाही. पिशव्या माझ्या टेबलावर ओळीने ठेवल्या, नीट, लेबलं माझ्याकडे करून, आणि गेला. त्या टेबलावर ओले गोल उमटले. लाकूड फुगलं. आजही तिथे हात फिरवला तर कळतं.

पुढे चौकशी बसली. तिथे एक प्रश्न असतो, विद्यार्थी स्वतःहून पुढे आला का? त्यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. हेलनने तो मला विचारला. मी म्हणालो, आला, पण मी कळवल्यानंतर. खरं उत्तर होतं. माझी सगळीच उत्तरं खरी होती. त्याला एका सत्रासाठी काढलं. परदेशी मुलाला एक सत्र बाहेर बसणं म्हणजे एक सत्र नसतं, ते सगळ्यांना माहीत आहे. एक वीट निघाली की परमिट, काम, राहणं, सगळी भिंत हलते. तो परत आला नाही.

चौकशी संपल्यावर हेलन माझ्याबरोबर कॉरिडॉरमधून चालत आली. खिडकीबाहेर मुलं बर्फात एकमेकांना ढकलत होती. तिने माझ्या दंडाला हात लावला. “यू डिड द राइट थिंग,” म्हणाली. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, संकोचत म्हणाली, “तू चर्चला जातोस, मला माहितीये. अशा वेळी श्रद्धेमुळे सोपं जात असेल, नाही?”

ज्या प्रश्नाची मी एवढी वर्षं वाट पाहिली होती तो हा होता. माझ्याकडे बघून कुणीतरी विचारलं होतं. मी म्हणालो, “हो.”

त्या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं तेवढं एकच खोटं, आणि तीच माझी साक्ष.

शीला एकदा कणीक मळता मळता म्हणाली, “कळवलंत त्याचं मला काही नाही. शिकवणाऱ्याने कळवायला हवंच. पण एक दुपार थांबायचं होतं, अहो. धीर मागितला होता त्याने. मिळायला एक दिवस लागतो.”

मी म्हणालो, “आणि नसता आला तर?”

“तर मग कळवायचं होतं.”

मी खूप वेळा स्वतःला विचारतो की मला कसली घाई होती. सत्याची नव्हती. सत्य शीतखोलीत होतं, नासणार नव्हतं. मला भीती होती की हे दुसऱ्या कुणाला कळलं तर लोक म्हणतील, याने आपल्या मराठी पोराला, आपल्या चर्चच्या पोराला पाठीशी घातलं. माझ्या ‘फेअर’ या शब्दाला डाग लागेल. साक्ष, साक्ष म्हणून मी जी जपत होतो ती एवढीच होती, एक शब्द. त्यासाठी मी एका मुलाची प्रार्थना उचलली आणि विभागप्रमुखाच्या टेबलावर नेऊन ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात तो मला दिसला. आम्ही एटोबिकोला एका ओळखीच्यांकडे गेलो होतो आणि परतताना भाजीसाठी थांबलो. तो भेंडीच्या टोपलीपाशी उभा होता, एकेक भेंडी मोडून बघत. जाड झाला होता. मी आधी ओळखलं नाही. तो शीळ घालत होता म्हणून ओळखलं.

“हॅलो, प्रोफेसर,” तो म्हणाला. सलाम नाही, सर नाही.

मी विचारलं, काय करतोस? ट्रक चालवतो म्हणाला, ओटावाच्या बाजूला जास्त. बरं चाललंय. आता माझ्यावर राग आहे असं काही दिसत नव्हतं, आणि तेच मला सोसेना. मी विचारू नये ते विचारलं. “मंडळीत जातोस का रे? गातोस का?”

“रविवारी?” तो हसला. “रविवारी झोपतो. मस्त झोप लागते, प्रोफेसर. पूर्वी लागायची नाही.”

मी म्हणालो, “आशिष, त्या वेळी मी...”

“अरे, सोडा ना ते,” तो म्हणाला. “तुमचं बरोबरच होतं. चूक माझी होती. मोठ्याने बोललो.” मग शीलाकडे वळून मराठीत, जुन्या आवाजात, “काकू, भेंडी इथली घेऊ नका. जून आहे.”

गाडीत शीला घरी पोचेपर्यंत बाहेर बघत होती.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी मी नगरला आईला फोन लावला. मला वडिलांबद्दल विचारायचं होतं. वडील मिशनच्या बोर्डिंगचे रेक्टर होते. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा संध्याकाळच्या प्रार्थनेत बोर्डिंगच्या आचाऱ्याने गोलात रडत सांगितलं होतं की तो कोठीतली ज्वारी घरी नेतो. मला आठवत होतं की वडिलांनी सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्याने ‘आमेन’ म्हटलं होतं. तो ‘आमेन’ मी आयुष्यभर जपला होता. आशिषनंतर तर तो मला चाबकासारखा लागत होता. वडील असे, आणि मी असा.

“त्या आचाऱ्याचं पुढे काय झालं गं?” मी विचारलं.

“कुठला? तो ज्वारीवाला?” आईला लगेच आठवलं. “काढला की त्याला. तुझ्या पप्पांनीच कमिटीत सांगितलं. दुसऱ्या दिवशीच.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तू पोरगा होतास,” आई म्हणाली. “तो आचारी वारला तेव्हा पप्पा त्याच्या घरच्यांच्या दारात जाऊन बसले होते, दुपारभर. कुणी पाणी विचारलं नाही. घरी आले ते तसेच उपाशी झोपले.” मग म्हणाली, “का रे? आजच का विचारतोस?”

“असंच,” मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. मी एकटा नव्हतो. पण मला मागच्या बाकावर बसलेले वडील आठवले, निरोपाच्या प्रार्थनेत न बोलणारे. सभेत ते का बोलत नसत हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. ज्याच्याकडे जाऊन मी सुटलो असतो तोच माणूस त्याच जागी अडकून पडला होता.

त्या डिसेंबरनंतर basement मधली प्रार्थना बंद पडली नाही. बंद पडली असती तर बरं झालं असतं. मुलं येत राहिली, गोल करून बसत राहिली. फक्त प्रार्थना बदलल्या. पहिल्या वर्षी मला कळलं नाही. दुसऱ्या वर्षी कळलं. सगळे हवामानासाठी प्रार्थना करतात. रस्ते चांगले राहू देत. बस वेळेवर येऊ दे. सगळ्यांच्या घरच्यांना तब्येत दे. कुणी स्वतःबद्दल बोलत नाही. कुणी अडखळत नाही. गोल कसा भरभर पुरा होतो. आणि मी डोळे मिटून बसलेला असतो, आणि ऐकत असतो, आणि मी ऐकतोय हे सगळ्यांना माहीत असतं.

या वर्षी मी शीलाला म्हणालो, नको करू या. ती म्हणाली, “पोरं जेवायला कुठे जातील?” म्हणून परवाच्या शनिवारी परत झाली.

मी गराजमध्ये मिठाचं पोतं फोडत होतो. दाराच्या पायऱ्यांवर टाकायला. दार अर्धं उघडं होतं आणि आत बूट काढणाऱ्यांचे आवाज येत होते. रोहित आता पीएचडी करतो, आणि नव्या मुलांना तोच घेऊन येतो. या वेळी त्याच्याबरोबर स्नेहल नावाची मुलगी होती, सोलापूरची, या सप्टेंबरला आलेली. माझ्याच वर्गात आहे, शेवटच्या रांगेत बसते.

“जेवण एक नंबर असतं,” रोहित सांगत होता. “काकू लाजू देत नाहीत. फक्त एक कर. प्रार्थना मनातल्या मनात कर.”

“का? आमच्याकडे तर मोठ्याने करतात.”

“इथे मनात करतात.”

“अरे पण का?”

“सिनियरचं ऐकायचं असतं. सर चांगले आहेत गं. खूप फेअर आहेत. मनात कर, बास.”

मी मीठ पायऱ्यांवर टाकलं. हवं होतं त्यापेक्षा जास्त टाकलं. मग आत गेलो, सलाम झाले, आणि आम्ही गोल करून बसलो.

मी ठरवलं होतं. रोहितचं ते बोलणं ऐकल्यावर तिथेच, पोत्यावर वाकलेला असताना ठरवलं होतं, की आज माझी पाळी आली की मी आशिषचं नाव घेईन. मोठ्याने. काय केलं ते सांगेन, या मुलांसमोर, त्यांनी ऐकावं म्हणूनच. मग कदाचित गोल पुन्हा उघडेल. माझ्या हातात दुसरं काही उरलं नाही.

पाळी सरकत आली. रस्ते. बस. आईची तब्येत. रोहितचा ‘आमेन’. मग स्नेहल. ती बोलली नाही. ‘आमेन’ही म्हणाली नाही. भट्टी घुरघुरत होती, आणि त्या आवाजात मला तिचा श्वास ऐकू येत होता, भरलेला, मध्येच अडकणारा. ती काहीतरी सांगत होती. कुणाला तरी, माझ्यापासून लपवून, सगळा जीव लावून सांगत होती. आणि मी, देवा, मी कान देऊन ऐकायचा प्रयत्न करत होतो. मनात आलं, हिचा प्रकल्प कुठला? हिने काय केलं असेल?

एवढं मनात आलं आणि माझ्या तोंडचं सगळं गेलं.

“आमेन,” ती म्हणाली. माझी पाळी होती.

“दयाळू पित्या,” मी म्हणालो. पुढचा शब्द आशिष होता. “या आठवड्यात,” मी म्हणालो, “रस्त्यांवर बर्फ फार होऊ देऊ नकोस. मुलांना परीक्षेला वेळेवर पोचव. वारा कमी ठेव. ख्रिस्ताच्या नावाने मागतो.”

“आमेन,” सगळे म्हणाले. मोठ्याने, सुटल्यासारखे.

मग ताटं मांडली. शीलाने पातेल्याचं झाकण काढलं, रोहितने नेहमीसारखा नाटकी श्वास घेतला, आणि मुलं हसली. मी भाताचं भांडं घेऊन वाढायला उठलो. स्नेहलपाशी आलो. तिच्या ताटात थोडासाच भात होता. तिचे डोळे लाल होते, आणि ते मला दिसू नयेत म्हणून ती ताटाकडे बघत होती.

“घे अजून,” मी म्हणालो.

तिने दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

“नको, सर. बास.”